गोमाजीला दर आठवड्याला परत घेतात

करी रोडच्या आमच्या चाळीत गोमाजीची मालिका लागली की पोरं खेळ टाकून घरात पळायची. मूळची ती परदेशातली, वर्षानुवर्षं चाललेली कार्टूनची मालिका. बटणांच्या कारखान्यातला एक ढेरपोट्या कामगार, त्याची बायको आणि दोन वांड कार्टी. मराठीत आणताना त्या कामगाराचं नाव गोमाजी ठेवलं. दर भागात गोमाजी काहीतरी घोळ घालतो, साहेब त्याला हाकलतो आणि शेवटी गोमाजी गुडघे टेकून म्हणतो, “साहेब, परत घ्या ना मला.” साहेब घेतो. इथे लोक हमखास हसायचे.

गोमाजीचा मराठी आवाज माझ्या शेजारच्या खोलीतल्या जयवंत घाडींचा होता. त्या वाक्याला हसणाऱ्यांचा मला राग यायचा, अजून येतो.

जयवंतदादा गिरणीत विणकर. ब्याऐंशीचा संप कधी मिटला ते मला कुणी अजून सांगू शकलेलं नाही. लढणारे थकले आणि काही गिरण्या लंगडत का होईना चालू झाल्या, एवढंच. दादांच्या गिरणीच्या गेटवर रोज सकाळी माणसं जमायची. आतून साहेब आला की लोक हात जोडायचे, गयावया करायचे. दादा बाजूला तोंड मिटून उभे. आपण काय चोरी केली का, असं त्यांचं म्हणणं. घरी रखमावहिनींनी एकदा विनवलं, की सगळे बोलतात तर तुम्हीही एक शब्द टाका. दादांनी टाकला नाही, आणि त्यांना कुणी आत घेतलं नाही. गयावया करणाऱ्यांतलेही थोडेच आत गेले आणि पुढे ती गिरणीही बंद पडली. पण वहिनींच्या मनातून तो न टाकलेला शब्द काही गेला नाही.

मग दादांनी दादरला फुटपाथवर बायकांचे गाऊन विकले, कुठे वॉचमनगिरी केली. केस पिकले. तेव्हा कधीतरी हेरंब भेटला. त्याने लहानपणी दादांना कामगारांच्या नाटकांत पाहिलं होतं. आता तो दादरच्या एका स्टुडिओत डबिंग करून घ्यायचा, आणि गोमाजीसाठी त्याला रांगडा आवाज हवा होता.

पहिल्या दिवसाचा किस्सा हेरंब रंगवून सांगायचा. कानाला हेडफोन, त्यात परदेशी बडबड आणि वाजंत्री, समोर पडद्यावर गोमाजीचं हलणारं तोंड. दादांनी ते वाक्य घेतलं. ओठ अगदी गोमाजीच्या ओठांबरोबर हलले, पण काचेपलीकडे हेरंबला काही ऐकू येईना. त्याने वायर तपासली, माइक बदलला, तरी तेच. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. माणूस आवाजच काढत नव्हता. गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, धडधडाटात ओरडून उपयोग नसतो. विणकर नुसते ओठ ताणून बोलतात आणि समोरचा ओठ बघून समजून घेतो. कानात गोंगाट शिरल्याबरोबर दादा थेट साच्यावर जाऊन उभे राहिले होते. सगळा स्टुडिओ हसला, दादाही हसले. तेव्हापासून ते हेडफोन एकाच कानाला लावायचे.

पुढे त्यांचं छान बस्तान बसलं. गोमाजी खातो त्याचा कुरकुर आवाज म्हणजे वहिनींनी भाजून दिलेला पापड. कारखान्यातला कामगारांचा गलका म्हणजे एकाच माइकभोवती उभे राहिलेले दादा, हेरंब आणि चहावाला. गोमाजीला दर वेळी परत का घेतात, असं दादांनी एकदा विचारलं होतं. हेरंब म्हणाला, मालिकेचा नियमच आहे तसा. पुढचा भाग पुन्हा पहिल्यासारखा सुरू व्हायला हवा, म्हणून तर गोमाजी म्हाताराही होत नाही. बरं आहे बुवा त्याचं, असं म्हणून दादा पुढच्या वाक्याला लागले.

दादांच्या छातीत गिरणीतला कापूस बसलेला होताच. आता आवाज खरखरायला लागला, मध्येच फाटायला लागला. हेही काम जातं की काय, या भीतीने त्यांनी स्टुडिओत पत्ता लागू दिला नाही. घरात आवाज जपून ठेवायचे, वहिनींशी नुसत्या ओठांनी, गावच्या बोलीत बोलायचे. वहिनीही लग्नानंतर काही वर्षं गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होत्या, त्यांना सगळं समजायचं. मी गेलो की दोघं समोरासमोर बसून गुपचूप भांडत असायची. तेव्हा मला गंमत वाटायची.

शेवटी एका रेकॉर्डिंगला गोमाजीचं तेच वाक्य आलं. दादांचे ओठ हलले, आवाज आला नाही. हेरंबने वायर तपासली. माइकही बदलला. माइक चांगला होता हे त्याला माहीत होतं, असं तो मला नंतर म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

आवाज परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गोमाजीला दुसरा नट मिळाला. प्रेक्षकांतल्या कुणी साधं विचारलंही नाही, की आवाज कसा बदलला. इतकी वर्षं ज्यांना हसवलं, त्यांचे कान असे.

एका रविवारी दुपारी मी दादांकडे गेलो. टीव्हीवर गोमाजी लागला होता. दादा पलंगावर बसून पडद्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. माणूस अजून आपले डायलॉग म्हणतोय, जित्याची खोड आहे, असं मला वाटलं. कौतुकाने मी वहिनींना तसं म्हटलंही.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली आणि दादांच्या ओठांकडे जरा वेळ पाहिलं. पडद्यावर तेव्हा गोमाजी नव्हताच, त्याची पोरं मांजराच्या मागे धावत होती.

“डायलॉग नाय तो,” वहिनी म्हणाल्या. “सायबानू, माका परत घेवा, म्हणतत.”

वहिनींनी सूप खाली ठेवलं आणि उठून टीव्हीचा आवाज पार बंद केला. दादांना ते कळलं नाही. थोड्या वेळाने पडद्यावर गोमाजीने गुडघे टेकले आणि साहेबाने त्याला परत घेतलं.