बीपीची गोळी

माझ्या सासरी माझा आजार चालत होता, त्याचं नाव चालत नव्हतं. करमाडच्या त्या घरात मी पीठ मळायला बसले की रडायचे. अंगात जीव नसायचा, आंघोळसुद्धा नकोशी व्हायची. विहिरीवर गेले की माझी मलाच भीती वाटायची. सासूचं पालुपद ठरलेलं, "खायला हाय, ल्यायला हाय, मग रडं कशाचं? लई सोंगं झाली."

मी जेवण सोडलं तेव्हा कुठं नवरा हलला. शेंद्र्याच्या कंपनीतली रजा वाया गेली म्हणून कुरकुरत त्यानं मला शहरात मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्या म्हणाल्या, हे नैराश्य आहे, आजार आहे, औषधानं बरं वाटेल, पण गोळी मनानं बंद करायची नाही. इतकं सरळ माझ्याशी कित्येक दिवसांत कुणी बोललं नव्हतं. येताना चिकलठाण्यापाशी गाडी थांबवून नवऱ्यानं बजावलं, "कुणी इचारलं तर बीपी म्हणायचं. बहिणीला स्थळं येतायत."

झाले मी बीपीची पेशंट. हळूहळू भूक लागू लागली, झोप लागू लागली. खोटं बोलून का होईना, जगत होते.

आमच्या गल्लीत विरजण मागावं तशी गोळी मागतात. कुणाची डोकेदुखीची, कुणाची पित्ताची, सगळं इकडून तिकडं चालतं. एका सकाळी मी धुणं वाळत घालून आत आले तर माझं पाकीट फडताळावर उघडं पडलेलं. सासू म्हणाली, "शेजारच्या मावशीच्या गोळ्या सपल्या. बीपीची एक मागत व्हती, दिली."

"आत्या, ती बीपीची हाय का? तुम्हाला ठाऊक नाय?"

"मग काय सांगायचं व्हतं तिला?"

मावशीला काही झालं असतं तरी सासूला चाललं असतं, पण लेकीचं स्थळ मोडायला नको. माझं डोकंच फिरलं. मी तशीच पळत सुटले.

मावशी ओट्यावर बसली होती. तळहातावर गोळी, दुसऱ्या हातात पेला. भोवती बायका शेंगा फोडत होत्या.

"मावशी, घेऊ नका. ती बीपीची नाय."

"मग कशाची?"

सासू मागोमाग आली होती आणि डोळे वटारून मला गप्प करत होती. मी म्हणाले, "डोक्याच्या आजाराची. माझं मन आजारी हाय. शहरातल्या डॉक्टरचं औषध चालू हाय."

मावशीनं गोळी ओट्यावर टाकली आणि त्याच पेल्यातलं पाणी घेऊन हात धुतला. मी तिला वाचवायला गेले होते आणि ती माझा विटाळ धूत होती. त्या बाईचा मला आजही राग येतो. मी गोळी उचलून पदराला पुसली, पेल्यात उरलेलं पाणी मागितलं आणि सगळ्यांसमोर ती गिळली.

संध्याकाळी नवरा कंपनीतून आला. सासूनं दारातच त्याचे कान भरले. तो चप्पलही न काढता माझ्यावर ओरडला, "आता गावभर झालंच हाय. मग तुला दवाखान्यात न्यायचं तरी कशाला?"

म्हणजे मी बरी व्हावी म्हणून नव्हे, आजार लोकांना दिसू नये म्हणून हा मला नेत होता.

"नका नेऊ," मी म्हणाले. "मला एसटीनं जाता येतं."