तेहतीस आणि चौथा घन

मी चौथी शिकलेला. पण घन म्हणजे काय ते मला पुस्तकानं नाही, भोसरीच्या कारखान्यातल्या लोखंडी ठोकळ्यांनी शिकवलं. कापून उरलेले बारके ठोकळे मशीनखाली पडलेले असायचे. डबा खाऊन झाला की मी आणि शेजारच्या मशीनवरचा माझा सोबती ते रचत बसायचो. हातावरच्या तेलाचा वास भाकरीलासुद्धा लागायचा. चारी बाजूंनी आणि उंचीला दोन-दोन लावले की आठांचा घन, तीन-तीन लावले की सत्तावीसचा.

खेळ असा, की आपला हजेरीचा टोकन नंबर घनांत बसवायचा. मिळवा नाहीतर वजा करा, पण घन तीनच वापरायचे, चौथा नाही. सोबत्याचा नंबर चौतीस. सत्तावीस नि आठ पस्तीस, त्यातनं एक वजा. झालं त्याचं! माझा तेहतीस.

"आनखी एक वजा कर की," मी म्हणायचो.

"चौथा घन चालत न्हाई, राव. तुझा नंबर व्हायचाच न्हाई."

"व्हनार म्हंजे व्हनार!"

आणखी काहींचे नंबर बसेनात, ते गप बसले. मी नाही बसलो. रिटायर झालो तरी सोबती भेटला की तेच भांडण.

परवा कॉलेजात गणित शिकणाऱ्या नातीनं मोबाईलवर दाखवलं. तेहतीस संगणकानं शोधलाय! एका घनातून दोन घन वजा, आणि एकेकाची बाजू सोळा आकडी. ते आकडे कागदावर उतरवून घेतले आणि तडक सोबत्याचं कासारवाडीचं घर गाठलं.

त्यानं कागद बघितला. "झालं आसंल. जिंकलास तू." आणि टीव्हीकडं वळला.

मला गोड लागलं नाही. ज्यानं चौथा घन कधी खपवून घेतला नाही, तो न तपासता हरला?

"म्हातारा झालास, भाऊ. कुनीबी सांगावं नि तू मान डोलवावी."

त्यानं टीव्ही बंद केला. "आन पेन्सिल."

सगळा गुणाकार आमच्या बापाला जमला नसता. म्हणून तिन्ही बाजूंचे नुसते शेवटचे आकडे घेतले: आठ, नऊ आणि शून्य.

"आठाचा घन पाचशे बारा, शेवटी दोन," तो पुटपुटला. "नवाचा सातशे एकोणतीस, शेवटी नऊ. तिसऱ्याच्या शेवटी शून्यच. दोनातनं नऊ जात न्हाईत."

"शेजारनं दहा घे."

"बारातनं नऊ, तीन."

तेहतिसातला शेवटचा तीन आला होता. मी त्याच्याकडं बघितलं.

"एवढ्यानं काय व्हतंय?" चष्मा पुसत तो म्हणाला. "त्रेचाळीसच्या शेवटीबी तीनच आसतो. सरक तिकडं, उजेड येऊ दे."