मॅक्रिनाची आई काय म्हणाली

ताईच्या छातीत गाठ आहे हे मला माझ्या बायकोनं सांगितलं, आणि कुणाजवळ बोलायचं नाही अशी शपथही घातली. तिला तरी ताईनं सांगितलं नसतं. पण उजवा हात वर जाईना, वेणी घालायला मदत लागली, तेव्हा बोलणं निघालं. बायकोनं दवाखान्याचं नाव काढताच ताई म्हणाली, "जिचं नाव मले ठेवलं, तिनं डॉक्टरले दाखवलं नाई. मंग मी काऊन दाखवू?" ताईनं विषय संपवला की आमच्या घरात तो संपतो. आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची, तेव्हा आम्हा तिघा भावांना ताईनंच न्हाऊ-माखू घातलं, अभ्यासाला बसवलं, वेळेला बडवलंही. तिनं लग्न केलं नाही. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, पण ते फक्त शाळेपुरतं.

नावांचा खुलासा करायला हवा. बाबा हिंगणघाटच्या कापडगिरणीत फिटर होते आणि फादर नसतील त्या रविवारी चर्चमध्ये प्रार्थना चालवत. कुणा परदेशी फादरांकडून त्यांनी तुर्कस्तानाकडच्या कप्पदुकियातल्या एका घराण्याची गोष्ट ऐकली होती. फार जुन्या काळातलं एकच घर. त्यात आई एमेलिया संत, थोरली मुलगी मॅक्रिना संत, आणि तिच्या शिस्तीत वाढलेले भाऊ बासिल, ग्रेगरी, पीटर हेही संत. बाबांनी ते घराणंच उचलून आणलं. त्यातला एक भाऊ तरुणपणी वारला होता, त्याचं नाव तेवढं त्यांनी कुणाला ठेवलं नाही. बाबा श्रद्धाळू होते, तसेच सावधही. मलाही त्यातलंच एक नाव मिळालं. त्या नावाला मी काही जागलो नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जातो, कारण ताई तयार होऊन दारात उभी असते.

शपथ घातली होती तरी मी ताईशी दोनदा बोललो. पहिल्यांदा तिनं ऐकलंच नाही असं दाखवलं. दुसऱ्यांदा म्हणाली, "तुहा विश्वास कमी हाये, म्हणून तुले भेव वाटते." विश्वास कमी होता हे खरं, आणि भीती वाटत होती हेही खरं. आईला काहीच माहीत नव्हतं. या वयात तिच्या जिवाला घोर नको, म्हणून आम्ही तिच्यापासून लपवलं. मी प्रार्थनाही केली नाही. देवाचं नाव घेऊनच जी दार लावून बसली आहे, तिच्याविरुद्ध देवाकडे काय मागावं, ते मला सुचत नव्हतं.

जुलैत संत मॅक्रिनाचा सण येतो. त्या दुपारी आमच्याकडे पुऱ्या आणि कोंबडीचा रस्सा असतो आणि पानं वाढल्यावर तिची गोष्ट सांगायची रीत आहे. आधी बाबा सांगत, त्यांच्यानंतर ताई. आईनं ती गोष्ट बसून अशी कधी ऐकलीच नव्हती. गोष्ट चालू असताना ती कढईपाशी असायची. यंदा ताईला लाटणं धरवेना. दोन्ही भाऊ बाहेरगावी. लाटणं-तळणं सगळं बायकोनं अंगावर घेतलं आणि आईला, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, पंगतीला बसवलं.

एवढ्यात दारात एक मठवासी सिस्टर आल्या. चंद्रपूरकडे जाणारी त्यांची बस नाक्याजवळ बंद पडली होती, दुसरी यायला वेळ होता. फाटकावरचा क्रूस पाहून पाणी मागायला आल्या होत्या. दक्षिणेकडच्या असाव्यात, मराठी स्वच्छ, पण पुस्तकातलं. ताई कुणाला नुसत्या पाण्यावर जाऊ देत नाही. त्यांचंही पान मांडलं.

मग ताईनं गोष्ट सुरू केली. मॅक्रिनाच्या छातीला गाठ आली. परक्या माणसासमोर अंग उघडं करायचं तिला दुखण्याहून जड वाटलं. ती रात्रभर देवापुढे रडली, त्या आसवांनी भिजलेली माती तिनं गाठीवर लावली आणि आईला म्हणाली, तू इथे हातानं क्रूसाची खूण कर. आईनं केली. गाठ गेली, बारीकशी खूण तेवढी राहिली. ताई हे अगदी शांतपणे सांगत होती.

आई लक्ष देऊन ऐकत होती. गोष्ट संपली तशी म्हणाली, "अन् तिची माय काय म्हणली?"

"कायले?"

"पोरगी डॉक्टरले दाखवत नाई म्हणते, तं माय काय म्हणली?"

"मायचं काई नाई त्याच्यात," ताई म्हणाली. "मायनं खूण केली."

"असं कसं? पोरीले गाठ झाली, अन् माय काईच बोलली नाई? तुह्या बाबानं बराबर आयकली नसन."

मला हसू आलं, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "आई बोलली होती. आमच्या मठात दरवर्षी हे चरित्र वाचतात. आईनं तिला पुष्कळदा विनवलं. वैद्याची विद्यासुद्धा देवानंच माणसाच्या जिवासाठी दिली आहे, असं ती म्हणाली."

"मंग!" आई समाधानानं म्हणाली आणि पुरी मोडली. मग ताईकडे पाहून थांबली. ताईचा उजवा हात मांडीवर पडला होता, ती डाव्या हातानं जेवत होती. "तुह्या हाताले काय झालं?"

माझी बायको झारा हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. आईनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि उठली. "चाल आत," म्हणाली. उभ्या आयुष्यात ताईला असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ताई उठून तिच्यामागे गेली. खोलीचं दार लागलं. आत आईनं क्रूसाची खूण केली का, हे मी विचारलेलं नाही. बाहेर आली तेव्हा आईचे डोळे लाल होते. "उद्या वर्ध्याले दवाखान्यात जाचं हाये," ती मला म्हणाली. "मी बी येतो." सिस्टरनी दोघींच्या डोक्यावर हात ठेवला आणि बस पकडायला गेल्या. नाव विचारायचं राहून गेलं.

त्यांना कुणी पाठवलं असं मी म्हणत नाही. बसगाड्या बंद पडतात. बायकोनंच हे घडवून आणलं असेल असाही मला संशय आला. आपलं यात काही नाही म्हणत तिनं हात जोडले. आईच्या प्रश्नाचा मात्र मला उलगडा होत नाही. तिला काही ठाऊक नव्हतं, आणि नेमकं तेच तिनं विचारलं. त्या दुपारी मी प्रभूचे आभार मानले. कितीतरी वर्षांत मनापासून मानलेले ते पहिलेच.

गाठ वाईटच निघाली. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार झाले, ताईचे केस गेले आणि आता पांढरे, कुरळे परत आले आहेत. डॉक्टर तपासणीला बोलावतात, ती जाते. देवाच्या हाती सोपवणं म्हणजे हात बांधून बसणं, अशी माझी समजूत होती. आता वाटतं, त्यानं पुढे केलेला हात कुणाचाही असला तरी तो धरू देणं, एवढंच आपल्याकडे असतं. वर्ध्याला गेलो त्या पहिल्या दिवशी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होतो. डॉक्टर पुरुष होते, आणि ताई दारातूनच परत फिरेल अशी मला धास्ती होती. बऱ्याच वेळानं आई एकटी बाहेर आली, बाकावर बसली. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "पदर तिनंच बाजूले केला."