पहिला जिवंत घोटा

किस्से जमवायला वेगळे कष्ट लागत नाहीत. ज्या खोलीत एखादा म्हातारा चुकीच्या जागी बसलेला असतो, तिथे ते आपोआप साचतात. आमच्या वर्गातला तो म्हातारा मी होतो. त्यामुळे यातले बरेचसे माझ्यावरचेच आहेत, आणि मला ते नीट आठवतात की नाही याची शंका आहे. म्हणून मयूरीला, म्हणजे माझ्या वर्गमैत्रिणीला, विचारून घेतलं. ती म्हणाली, "सर, असंच झालं होतं. तुम्ही थोडं कमीच सांगून राहिले!"

आधी माझी ओळख. छत्तीस वर्षं मी नागपुरात मेडिकलच्या मुलांना शरीररचना शिकवली. एमडी झालो, मग पीएचडी. नावामागे डॉक्टर आहे, पण जिवंत माणसावर मी कधी उपचार केले नाहीत. माझे सगळे 'पेशंट' टेबलावर शांत पडून असायचे. एकाचीही तक्रार आली नाही.

निवृत्तीनंतर एका संध्याकाळी कॉलनीत बॅडमिंटन खेळताना शेजारची मुलगी पडली. "डॉक्टरकाका आहेत ना, त्यांना बोलवा!" मी धावत गेलो. तिच्या घोट्यातल्या प्रत्येक लिगामेंटचं नाव मला येत होतं. तिच्या आईने एकच विचारलं, "हिला उठू देऊ का?"

ते मात्र मला येत नव्हतं.

म्हणून अडुसष्टाव्या वर्षी मी स्पोर्ट्स इंज्युरी मॅनेजमेंटच्या पीजी कोर्सला प्रवेश घेतला. पडलेल्या खेळाडूला परत मैदानात सोडायचं की बसवायचं, हे एकदा तरी आपल्या तोंडाने सांगता यावं, एवढीच इच्छा. जमलं नाही तर कोर्स सोडायचा, हेही ठरवून टाकलं. सोडायचं मी नेहमी आधीच ठरवून ठेवतो.

*

पहिल्या दिवशी दहा मिनिटं लवकर पोहोचलो. दाराशी पांढऱ्या कोटातली एक इंटर्न उभी होती. तिने माझ्या चालीकडे पाहिलं आणि हाताला धरून म्हणाली, "या बाबाजी. कोणता गुडघा?"

"दोन्ही तसे..." मी खरं ते सांगायला गेलो. पुढचं वाक्य होतं, "पण मी विद्यार्थी आहे." ते वाक्य येईपर्यंत मी आडवा होतो आणि दोन्ही गुडघ्यांवर गरम पॅक होते!

वीस मिनिटांनी कोर्सच्या प्रमुख मॅडम राउंडला आल्या. एके काळी त्या माझ्या विद्यार्थिनी होत्या. मला पाहून जागच्या जागी थांबल्या.

"सर? तुम्ही? लेक्चर सुरू झालंय!"

"हो," मी म्हणालो, "पण पॅकची अजून पाच मिनिटं बाकी आहेत."

खरं सांगतो, गुडघ्यांना बरं वाटत होतं.

*

आमच्या वर्गात सगळे पंचविशीच्या आसपासचे फिजिओथेरपिस्ट. मयूरी सावनेरची, प्रफुल्ल कन्हानचा. प्रफुल्ल तगडा. त्यामुळे प्रॅक्टिकलला कायम त्यालाच कॉटवर झोपवायचे.

माझी पाळी आली. प्रफुल्ल डोळे मिटून पडला होता. मी कॉटजवळ गेलो, चपला बाजूला काढल्या, हात जोडले, मान खाली घातली आणि क्षणभर डोळे मिटले. डिसेक्शन हॉलमध्ये छत्तीस वर्षं हेच केलं होतं. ज्याने देह दिला त्याला आधी नमस्कार, मग हात लावायचा.

डोळे उघडले तर प्रफुल्ल उठून बसलेला.

"सर! मी जित्ता हाये ना!"

वर्ग असा हसला की बाजूच्या ओपीडीतले पेशंट डोकावले. त्यानंतर आठवडाभर कुणीही कॉटवर झोपलं की मयूरी त्याच्या पायाशी हात जोडून उभी राहायची. प्रफुल्ल म्हणायचा, "काहून वं, माह्या तेराव्याचं जेवण ठरवून राहिली का?"

*

एकदा कबड्डीचा एक पोरगा आला. बोट सुजलेलं. मी त्याला शांतपणे बावीस प्रश्न विचारले. दुखतं का? नाही. वाकतं का? हो. रात्री ठणकतं का? छे! मी प्रत्येक उत्तर वहीत लिहून घेतलं आणि समाधानाने म्हणालो, "बहुतेक काही नाही."

मयूरीने टेबलावरचा टेपचा रोल उचलला आणि "घे!" म्हणून त्याच्याकडे फेकला. त्याने झटकन हात मागे घेतला. रोल खाली पडून कपाटाखाली गेला.

"सर," मयूरी म्हणाली, "साधा पेशंट दुखणं वाढवून सांगते. खेळाडू लपवून सांगते. तुमचे पहिले पेशंट काहीच सांगत नव्हते, म्हणून तुम्हाले सवय नाही."

पोरगा मान खाली घालून म्हणाला, "ताई, परवा मॅच हाये."

रोल काढायला कपाटाखाली मीच वाकलो. तेवढा उपयोग व्हायला हवा.

*

मैदानावर ड्यूटी लागली की एक फॉर्म भरावा लागतो. त्यात शेवटी दोन चौकटी असतात. 'खेळू शकतो' आणि 'खेळू शकत नाही'. सहीसाठी मी माझे फॉर्म मॅडमना दिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सर, ही टिक कोणत्या चौकटीत आहे?"

"मधे," मी म्हणालो.

"आणि ही?"

"तीही मधेच. पण जरा डावीकडे झुकलेली आहे."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि म्हणाल्या, "सर, फर्स्ट इयरला तुम्ही मला नापास केलं होतं. आठवतं?"

मला आठवत नव्हतं. कितीतरी मुलांना मी नापास केलं असेन.

"व्हायव्हात तुम्ही एका नर्व्हचं नाव विचारलं. मी बरोबर सांगितलं. पण आधी 'बहुतेक' म्हणाले. तुम्ही म्हणालात, 'बहुतेक नावाची नर्व्ह शरीरात नसते. पुढच्या वेळी या.'"

चहा आला. मी बिस्किट बुडवलं, ते कपात पडलं.

"आता तुमची एकच ड्यूटी उरली आहे," त्या म्हणाल्या. "मुलींची खो-खोची फायनल. तिथे तुम्ही एकटे. मयूरी फक्त बघायला असेल, बोलणार नाही. मधल्या टिकवर मी सही करणार नाही, सर."

*

घरी येऊन मी बायकोच्या घोट्यावर सराव सुरू केला. ती भाजी निवडत बसायची, मी घोटा चाचपायचो. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "मग? मी खेळू शकते का?"

मी विचारात पडलो.

"अहो, मला फक्त उठून कुकर बंद करायचाय!"

*

आणि मग ती फायनल.

उमरेडच्या टीमची कॅप्टन खांबाजवळ डाईव्ह मारायला गेली आणि पाय मुरगळून पडली. सामना संपायला थोडाच वेळ होता, गुण जवळजवळ बरोबरीत. दोन सिलेक्टर खुर्च्यांवर बसून होते. त्याच दिवशी ते राज्याच्या टीमसाठी मुली निवडणार होते. मी बॅग घेऊन धावलो. धावलो म्हणजे माझ्या मानाने.

"काही नाही झालं, बाबाजी," मी हात लावायच्या आधीच ती म्हणाली. "जरासा वळला."

मी घोट्याचं हाड दाबून पाहिलं. तिथे दुखत नव्हतं. हाडाच्या पुढे, जरा खाली बोट टेकवलं. ती हसली. फार लवकर हसली.

"या पायावर उड्या मार. पाच."

पहिली मारली. दुसरी मारली. तिसरीला तिने माझा खांदा धरला.

"खांदा का धरलास?"

"तुमीच समोर होते. धरला."

"परत. खांदा न धरता."

तिने पाय उचललाच नाही. हळूच म्हणाली, "खेळू द्या ना, बाबाजी. सिलेक्टर पाहून राहिले. पुढच्या वर्षी माहं वय बसत नाही."

तिचा कोच जवळ आला. "डॉक्टर, लवकर सांगा. हो की नाही?"

मी मयूरीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाठ फिरवली. मुद्दाम!

घशात तो जुना शब्द आला होता. बहुतेक. मी तो गिळला.

"नाही."

आवाज एवढा मोठा निघाला की पलीकडच्या पंचांनी वळून पाहिलं.

"पक्कं?" कोचने विचारलं.

"पक्कं. खेळू शकत नाही."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमाले काय समजते हो खो-खोतलं!" ती म्हणाली. खरंच काही समजत नव्हतं. मी तिला बाकावर बसवलं, बर्फ ठेवला. तिने बर्फ काढून फेकला आणि बसल्या जागेवरूनच टीमला ओरडून सांगायला लागली. "डावीकडे वळ! अवं, खो दे ना लवकर! बसून काय राहिली!" तिच्या जागी उतरलेली बारकी पोरगी आधी गोंधळली. मग तिचा आवाज ऐकून ऐकून पळायला लागली. सिलेक्टर आता मैदानापेक्षा बाकाकडेच जास्त पाहत होते. मी मात्र तिच्या घोट्याकडे पाहत होतो. सूज फारशी दिसत नव्हती.

शेवटच्या काही सेकंदांत बारक्या पोरीने खांबाला वळसा घालून गडी बाद केला. शिट्टी झाली. उमरेड जिंकलं!

आणि आमची कॅप्टन बाकावरून उठली, दोन्ही पायांवर उंच उडी मारली, धावत मुलींच्या घोळक्यात शिरली आणि तिथे आणखी तीन उड्या मारल्या.

कोचने तिच्या पायांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. सिलेक्टरही पाहत होते. मयूरीने डोक्याला हात लावला. कोर्स सोडायचा अर्ज कोणत्या शब्दांनी सुरू करायचा, हे मी मनात जुळवू लागलो.

तेवढ्यात ती घोळक्यातून बाहेर आली. सगळ्यांकडे हात हलवत, हसत, ताठ चालत बाकापाशी पोहोचली आणि माझ्या बाजूला टेकली. मग ओठ न हलवता म्हणाली,

"बाबाजी, बर्फ ठेवा गुपचूप. अन् हसत राहा. ते पाहून राहिले."