मी नेलेली केस

ऐंशीच्या दशकात मी मध्य प्रदेशात, बोरगावकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. कुटुंब नियोजनाचं टारगेट तेव्हा आम्हा मास्तर-बाईंनाही असायचं. हिवाळा संपेपर्यंत प्रत्येकानं ऑपरेशनसाठी दोन बाया आणायच्या, नाही तर बदली कुठं होईल याचा नेम नाही. माझी मुलगी दीड वर्षाची होती. एक केस मिळाली, दुसरी काही मिळेना.

शेवटी मी पाचवीतल्या एका मुलीच्या आईला गाठलं. रोजानं कापूस वेचायला जाणारी, चार लेकरांची आई. तिलाही आता मूल नको होतं, एवढं खरं.

"वेचणी होऊ द्या बाई, मंग येतो," ती म्हणाली.

"मग ऑपरेशनचं शिबिर नसतं," मी म्हटलं. शाळेच्या बाईला नाही म्हणणं तिला जमलं नाही.

शिबिराच्या सकाळी जीपमध्ये बसताना तिचा हात माझ्या हाताला लागला. चांगलाच तापला होता.

"रातपासून कणकण करून राहिली. आज राहू द्याचं का, बाई?"

"गोळी घे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तर ताप सांगू नको, परत पाठवतील."

गोळीही मीच दिली. तिथं पोचेपर्यंत अंग निवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी खरंच विचारलं. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि "नाही जी" म्हणाली.

आठवड्यात टाके पिकले. महिनाभर ती खाटेवर होती. वेचणी तर गेलीच, पण मुलगी शाळा सोडून आईच्या जागी शेतात जाऊ लागली.

मार्चमध्ये सौसरला, तहसिलीच्या गावी, टारगेटची बैठक झाली. साहेब आकडे वाचत होते, तेवढ्यात रिटायर व्हायला आलेली एक नर्सबाई उभी राहिली.

"साहेब, हे टारगेट बंद करा. आकडा मागता म्हणून आम्ही बाया तपासत नाही, मोजतो. ऑपरेशन झाल्यावर घरी जाऊन कोण पाहते?"

"कोई केस बिगडा है क्या?" साहेबांनी विचारलं. "हो तो बताइए."

नर्सबाईंनी सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. मी तिसऱ्या रांगेत होते. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. शेवटी त्या खाली बसल्या. मग टारगेट पुरं करणाऱ्यांची नावं वाचली गेली. माझ्या नावाला टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या आईकडं गेले. ती दारात तूर निवडत बसली होती.

"त्या दिवशी तुला नेलं, ते माझं चुकलं," मी म्हटलं.

"मले समजलं होतं, बाई. तुमची बदली होऊन राहिली होती. लेकरू लहान तुमचं."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मुलीला शाळेत पाठव, एवढं सांगून मी उठले. मुलगी चार दिवस आली. पण आईच्यानं ओझं उचलवत नव्हतं, म्हणून ती पुन्हा शेतात गेली, ती कायमचीच. जुलैत हजेरीपटावरून तिचं नाव मीच कमी केलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी टारगेटं बंद झाल्याचं पेपरात आलं. शेजारणीनं ते मला वाचून दाखवलं. "बरं झालं," मी म्हटलं. त्याहून जास्त काही तिला सांगितलं नाही.