नऊवारीचं दुसरं टोक

सत्तरच्या दशकाची सुरुवात, मँचेस्टर. हे हॉस्पिटलच्या ड्यूटीत बुडालेले, म्हणून मी मंगळवारी संध्याकाळच्या क्लासला जायचे. विषय काय, तर प्राचीन ग्रीक महाकाव्यं! बेकिंगचा क्लास भरला होता ना...

त्याच हिवाळ्यात नाशिकला अण्णा, माझे वडील, गेले. तार हातात पडली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. माझं जाणं झालं नाही.

आईला पत्र लिहायला बसले, तर मायन्यातच अडले. हाताने सवयीने 'तीर्थरूप सौ. आईस' लिहून टाकलं. आता 'सौ.' कुठलं... आणि 'गं. भा.' लिहायला हात धजेना. तीन एअरोग्राम फाडले. पंधरा दिवस झाले, तिकडे आई पोस्टमनची वाट बघत असणार.

क्लासमध्ये त्या दिवशी उपमा होत्या. लढाई ऐन भरात, एक योद्धा कोसळतो, आणि कवी मध्येच डोंगरावरच्या लाकूडतोड्याचं सांगत बसतो. झाड कुठलं, कुऱ्हाड कशी, सगळं सावकाश!

मी चिडून म्हटलं, "इथे माणूस मरतोय, आणि याला लाकडं सुचतायत?"

आमच्या बाई, मिसेस हार्डिंग, शांतपणे म्हणाल्या, "ऐकणाऱ्या सगळ्यांनी युद्ध कुठे पाहिलं होतं? झाड पडताना मात्र प्रत्येकाने पाहिलेलं." मग त्यांनी आम्हाला आपापली उपमा लिहायला सांगितली.

इंग्रजीत काही जमेना. मराठीतच लिहिलं...

'जशी वाळलेली नऊवारी दोघं दोन टोकांना धरतात, झटकतात, एकमेकांकडे चालत येतात, हाताला हात लागतो आणि घडी पडते... आणि एके दिवशी पलीकडचं टोक कुणी धरतच नाही, तसं झालं.'

आमच्याकडे रोज संध्याकाळी आईबरोबर लुगड्याची घडी अण्णाच घालायचे. शेजारीपाजारी हसायचे, त्यांना त्याचं काही नव्हतं.

घरी येऊन तेच एअरोग्रामवर उतरवलं. वर मायना नाहीच, नुसतं 'आई,'.

तीन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं. 'दुसरं टोक आता खिडकीच्या गजाला बांधते. घडी वाकडी येते, पण येते. तू आलीस की धर.'

तार आल्यापासून मला रडूच आलं नव्हतं. त्या दिवशी किचनमध्ये उभ्या उभ्या पोटभर रडले.

मिसेस हार्डिंगना हे सांगायचं राहूनच गेलं... उन्हाळ्यात नाशिकला जाऊन मी ते टोक धरलं, एवढं तरी त्यांना कळायला हवं होतं.