रुखवतात मांडलेला डबल बेड

बीड बायपासवरच्या मंगल कार्यालयात पोहोचलो तेव्हा माझा डबल बेड करंज्या आणि चकल्यांच्या मधोमध मांडलेला होता. वर जरीची चादर. शेजारी कपाट, ड्रेसिंग टेबल, आणि डायनिंग टेबलवर मुगाएवढा लाडू. पुढे चिठ्ठी: ‘वैशालीचा संसार. मावशीकडून.’

बेड वीतभर लांबीचा होता. मी फर्निचर डिझायनर, औरंगपुऱ्यात माझं दुकान. सागवानाला करवत लावायच्या आधी मी पुठ्ठ्याचं आणि पातळ प्लायचं मॉडेल करतो, एकास दहा मापाचं. म्हणजे खऱ्या वस्तूचे दहा इंच तिथे एक इंच. कागदावरचा प्लॅन दाखवला की गिऱ्हाईक मान डोलावतं आणि माल घरात आला की कपाळाला हात लावतं. मॉडेल हातात घेऊन फिरवता येतं, त्यामुळे भांडणं आधीच होऊन जातात.

हे मॉडेल वैशालीच्या वडिलांनी, भाऊसाहेबांनी, घरी बघायला ठेवून घेतलं होतं. लग्नानंतर लेक-जावई मुकुंदवाडीच्या फ्लॅटमध्ये राहणार, त्यांच्यासाठी हे फर्निचर. भाऊसाहेबांची अट एकच, ड्रेसिंग टेबलला आरसा मोठा पाहिजे. ती ऑर्डर देऊन ते गेले आणि दुसऱ्या दिवशी वैशाली स्कूटीवरून एकटीच दुकानात आली.

“काका, आरसा राहू द्या. पण मला बसून लिहायला टेबल पाहिजे. एमपीएससीची प्रीलिम निघाली, मेन्स राहिलीये.”

“सासरी माहीत आहे?”

“नाय ना. पप्पा म्हणतेत, आधी लग्न होऊ दे, मग हळूच सांगू. तुम्ही पण टेबलाचं पप्पांना बोलू नका. घाबरतेत ते.”

मग मी मधला मार्ग काढला. आरशाची फळी खालच्या बाजूनं बिजागरीवर बसवली. ती पुढे ओढून आडवी पाडली की आतली बाजू म्हणजे लिहायचं टेबल, आणि मागे पुस्तकांचे कप्पे. बंद केली की नुसतं ड्रेसिंग टेबल. वडिलांना आरसा, लेकीला टेबल. मी स्वतःवर इतका खूष झालो की मॉडेलच्या कप्प्यांत पुठ्ठ्याची पुस्तकं चिकटवली आणि बारीक पेनानं त्यांच्यावर नावंही घातली. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण अक्कल असावी.

तर लग्नाचं आमंत्रण होतंच, आणि मॉडेलही परत न्यायचं होतं. आमचे युसुफभाई मिस्त्री मॉडेल समोर असल्याशिवाय लाकडाला हात लावत नसत. मी मावशींना गाठलं.

“मावशी, हे मॉडेल आहे. दुकानात न्यायचंय मला.”

“न्या की. पण आधी विहीणबाईंना बघू द्या. रुखवतातलं मधूनच उचलत नसतेत.”

तेवढ्यात वरपक्ष रुखवत बघायला आलाच. नवरदेवाच्या काकांनी बोटानं बेड मोजला. “एवढ्याशा पलंगावर आमचा पोरगा मावतो व्हय?”

“एकास दहा माप आहे,” मी म्हणालो. “पोरगाही दहापट लहान धरा.”

“लग्नाच्या दिवशीच पोराला लहान करायलेत हे,” काका म्हणाले. लोक हसले. एका पाहुण्यांनी बेडचं डोकं दक्षिणेला फिरवलं, दुसऱ्यांनी पूर्वेला. कपाट तीनदा हललं. दुकानात एका गिऱ्हाइकाला सांभाळताना घाम फुटतो, इथे आख्खा मांडव अप्रूव्हल द्यायला उभा होता.

मग विहीणबाई, म्हणजे नवरदेवाची आई, पुढे आल्या. बारक्या आरशात कुंकू बघायला वाकल्या आणि कडेला बोट लागलं. खऱ्या टेबलाला कडी असणार होती, मॉडेलला नुसती टाचणी. फळी खट्कन आडवी पडली. आत पुस्तकं.

विहीणबाईंनी चष्मा लावला. “हे काय आन्?”

“पोथ्या हायेत,” मावशी घाईनं म्हणाल्या.

“भूगोलाची पोथी?”

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चकलीकडे पाहिलं. पोरीला मेन्सला बसू देतील की नाही, ते आता त्या तळहाताएवढ्या टेबलावर ठरणार होतं.

पिवळ्या साडीतली वैशाली मागून पुढे आली. “आई, ते टेबल माझंय. मला मेन्स द्यायचीये. काकांना मीच सांगितलं होतं.”

“आम्ही सांगणारच होतो,” भाऊसाहेब पुटपुटले. “लग्न झाल्यावर.”

“आधी सांगायचं ना व्हो,” विहीणबाई म्हणाल्या. “आम्ही काय नाय म्हणलो असतो?” मग त्या खरं बोलल्या. “म्हणलो बी असतो. पण आता समद्या पाहुण्यांनी बघितलं. आता कसं नाय म्हणता?”

त्या पुन्हा वाकल्या आणि बोटानं टेबलासमोरचं स्टूल हलवलं.

“ही बसणार कशावर, ह्याच्यावर?”

“ड्रेसिंग टेबलला स्टूलच असतं,” मी म्हणालो.

“पावडर लावायला ठीकंय. अभ्यासाला? मी जन्मभर शिलाई मशीनपुढं स्टुलावर बसले, आता उठायला दोघी धराव्या लागतेत. हिला पाठीची खुर्ची करा. हात टेकायला दांडे बी करा.”

वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मावशींनी तिला काजळ पसरंल म्हणून आत नेलं. खरं सांगतो, माझेही डोळे भरले होते.

मॉडेल मला परत मिळालं नाही. रुखवत सासरी जातं, तसं तेही गेलं. युसुफभाईंनी “कागज पे भरोसा नक्को साब” म्हणत प्लॅनवरूनच काम केलं आणि खुर्ची सगळ्यात आधी पोहोचवली. तिच्यावर बसून वैशाली पहिल्या खेपेला नापास झाली, दुसऱ्या खेपेला पास. आम्ही गॅरंटी फक्त लाकडाची देतो.

तेव्हापासून मॉडेल लग्नघरी ठेवून येत नाही. आणि टेबल काढायला बसलो की आधी खुर्ची काढतो.